जुना गेमपॅड नव्या कन्सोलला जोडताना या चुका टाळा

म्हापसा, मडगाव किंवा फोंड्यातील घरांच्या कपाटांतून आज जे जुने गेमपॅड बाहेर निघतात, त्यांपैकी बरेचसे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे मूळ पॅड नसून 1990च्या दशकात भारतभर विकल्या गेलेल्या नकली ‘टीव्ही गेम’ संचांसोबतचे असतात. आत रास्पबेरी पाय पिकोसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि यूएसबी केबल बसवून असा पॅड निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर चालवता येतो. काम अवघड नाही. ते बिघडते ते बहुधा हातात कोणता पॅड आहे याची खात्री न करता सोल्डरिंगला बसल्यामुळे.

नऊ पिनांचा प्लग दिसला की तो सेगा कंपनीचा, असे समजू नये. अटारी या दुसऱ्या कंपनीच्या नऊ पिनांत 5 व्होल्ट सातव्या पिनेवर येतात, तर सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलमध्ये पाचव्या. नकली संचांच्या पॅडचा प्लग बाहेरून तसाच दिसला तरी आतली रचना निन्टेन्डोच्या धर्तीची, म्हणजे वीज, ग्राउंड, लॅच (बटणांची स्थिती टिपून घेण्याचा इशारा), क्लॉक (पुढच्या बटणाची स्थिती मागणारा ठोका) आणि डेटा (ती स्थिती आणणारी तार) अशा पाच तारांची असते. तारांच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये, कारण ते उत्पादकागणिक बदलतात. पॅड उघडून प्रत्येक तार सर्किटवर कुठे पोहोचते हे मल्टिमीटरने पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक व्होल्टेजची. निन्टेन्डोचा मूळ पॅड 5 व्होल्टवर चालतो, पिकोच्या पिना मात्र 3.3 व्होल्टपुरत्याच आहेत. पॅडला यूएसबीचे 5 व्होल्ट देऊन त्याची डेटा तार थेट पिकोला जोडली, तर बोर्ड कदाचित त्या दिवशी चालेल, पण त्याला इजा होण्याची शक्यता कायम राहील. मूळ पॅडमधील 4021 ही, बटणांची स्थिती एकामागून एक पाठवणारी चिप 3 व्होल्टपासून पुढे काम करते, त्यामुळे तिला पिकोचेच 3.3 व्होल्ट द्यावेत. व्होल्टेज जुळवणारा वेगळा लेव्हल कन्व्हर्टर लागत नाही. कमी व्होल्टेजवर ती थोडी संथ होते, म्हणून दोन क्लॉकमध्ये काही मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवावे. नकली पॅडमध्ये चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब असतो. त्याखाली काय आहे हे कळत नसल्याने तो सोडून थेट बटणांच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून तारा काढणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बोर्ड जोडल्यावर सगळी बटणे एकाच वेळी दाबल्यासारखी दिसली, तर आधी प्रोग्राम पाहावा: या पॅडमध्ये दाबलेले बटण 0 असते, 1 नव्हे. ‘ए’ दाबल्यावर काहीच होत नाही आणि ‘बी’ दाबल्यावर ‘ए’ उमटते, तर पहिला बिट, म्हणजे पहिल्या बटणाचा 0 किंवा 1, वाचण्याआधीच क्लॉक दिला गेला आहे. लॅचनंतर ‘ए’ची स्थिती लगेच तयार असते.

मात्र गोव्यात अनेकदा दोष जोडणीचा नसतोच. खारे वारे आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे पट्ट्यांवर हिरवट कळंक चढतो, आणि कधी लागणारे, कधी न लागणारे बटण पाहून माणूस चांगली सोल्डर उखडून पुन्हा लावत बसतो. तांब्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, पण पट्टीवर काळा कार्बनचा थर असेल तर तो घासू नये, आणि रबरी बटणांखालच्या काळ्या टिकल्यांना पॉलिश पेपर लावू नये. तो थर गेला की बटण गेले. सोल्डर नीट धरावी म्हणून लावलेला फ्लक्स नंतर उरला, तर तोही पुसून काढावा, कारण दमट हवेत काही प्रकारचा फ्लक्स ओल धरतो आणि पट्ट्या खातो.

कन्सोलला पॅड दिसतच नसेल, तर प्रथम यूएसबी केबल बदलून पाहावी. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. प्लेस्टेशन 4वर पॅड नीट चालून साधारण 8 मिनिटांनी सुटत असेल, तर सोल्डर तपासण्यात वेळ घालवू नये: तो कन्सोल पॅडकडून अधिकृत ओळख मागतो, आणि ती न मिळाल्यास जोडणी तोडतो.