कमी बजेटचा गेमिंग पीसी: पार्ट निवडताना काय बघायचं

यादी करायला प्रोसेसरपासून नाही, मॉनिटरपासून सुरुवात करा. स्क्रीन १०८० पी (फुल एचडी), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) असेल, तर त्याहून बारीक, १४४० पीच्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड घेऊन पैसे पडूनच राहतात.

बजेटचा ३५ ते ४५ टक्के वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबीच्या खाली नेऊ नका. आरएक्स ६६०० हे या गटातलं नमुन्याचं कार्ड: ८ जीबी, १३२ वॅट, ८ पिनची एकच केबल. आरएक्स ६५०० एक्सटीचं ४ जीबीवालं मॉडेल मात्र टाळलेलंच बरं. त्याला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डच्या जोडणीच्या, चारच लेन (डेटाच्या वाटा) मिळतात. जुन्या पीसीआयई ३ (जेन ३) बोर्डावर त्यांचा वेग निम्मा होतो आणि व्हीरॅम भरली की गेम झटके खायला लागतो.

सगळ्यात जास्त फसवणूक एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात होते. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ‘५०० वॅट’च्या युनिटवर २५ अँपिअर दिसले, तर कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला ३०० वॅटच येतात. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटमध्ये हा आकडा ४५च्या आसपास असतो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. शॉर्ट सर्किट, ओव्हरलोडपासून संरक्षण आहे का, ते वेगळं तपासावं लागतं. जुनं एसएमपीएस नव्या पीसीत घालायचा मोह तर नकोच.

प्रोसेसरमध्ये रायझन ५ ५६०० आणि ५५०० यांच्या नावात थोडाच फरक आहे, कामात बराच. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आणि पीसीआयई ४ मिळतं, ५५०० मध्ये १६ एमबी आणि पीसीआयई ३. हात फारच आखडता असेल तर चार कोरचा इंटेल आय३-१२१००एफ. नावातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाहीत, एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावलीत तर स्क्रीन काळाच राहणार.

रायझनसाठी मदरबोर्ड बी५५० घ्या. बी४५० घेणार असाल तर जुन्या बायोसला (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरला) ५६०० ओळखू येत नाही, म्हणून प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करता येणारा, म्हणजे फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड निवडा. इंटेलच्या बाजूला १२१००एफ डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांवर चालतो, पण बोर्ड बहुधा एकाच प्रकारचा असतो. रॅम घेण्याआधी हे बघा.

रॅम १६ जीबीची एक स्टिक नको, ८ जीबीच्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं नाही, तर ३२००ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४००वरच चालते.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. एम.२ या पट्टीसारख्या आकारात जुन्या साटा प्रकारचीही मिळते, दिसायला जवळपास तशीच, वेगाला खूप मंद. कॅबिनेटला समोरून काच नको, जाळी हवी. आणि ऑर्डर देण्याआधी कार्डाची लांबी कॅबिनेटमधल्या जागेशी मिलिमीटरमध्ये ताडून बघा.