कोकणासाठी ऑल व्हील ड्राइव्ह वॅगन घेताय? आधी मागची चाकं बघा

गाडी नंतर, आधी रस्ता. गुहागर, दापोली, राजापूर, देवगड, कुठेही राहात असा, महामार्ग सोडल्यापासून घराच्या अंगणापर्यंतचा शेवटचा तुकडा एकदा पायी चालून बघा. चढ कुठे खडा आहे, जांभा कुठे वर आलाय, दोन्ही बाजूंचे गडगे किती जवळ आहेत, वहाळावरच्या मोरीवरून आषाढात किती पाणी जातं. टेप घेऊन जा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री ही वॅगन, म्हणजे छत मागेपर्यंत नेलेली मोठ्या डिकीची गाडी, लांबीला जवळजवळ पाच मीटर आहे आणि आरशांसकट रुंदी दोन मीटरच्या वर जाते. बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, ती वळत नसेल, तर बाकीची तपासणी करण्यात अर्थ नाही.

रस्ता जमत असेल तर पुढे. उंच केलेली, चारही चाकांवर चालणारी युरोपियन वॅगन आपल्याकडे नवी मिळत नाही, वापरलेलीच शोधायची आहे, आणि निवड फार नाही. २०१७ साली आलेली व्ही९० क्रॉस कंट्री आणि २०१८ साली आलेली मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन, या दोनच खऱ्या अर्थाने या जातीच्या. दोन्ही डिझेल. बजेट तेवढं नसेल तर स्कोडा यती ४x४. ती वॅगन नाही, पण दोन लिटरचं डिझेल, मॅन्युअल गिअर आणि आखूड अंग यामुळे आपल्या पाणंदीत ती या दोघींपेक्षा सहज शिरते. ऑक्टेव्हिया स्काउट, पसाट ऑलट्रॅक, ऑडीची ऑलरोड यांचे व्हिडिओ बघून जीव टाकू नका. त्या इथे रीतसर विकल्याच गेल्या नाहीत. कुणी बाहेरून आणलेली एखादी सापडलीच, तर तिचा एक सेन्सर मागवायला किती आठवडे लागतील ते आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. मागची चाकं ओढतात का ते बघा.

गाडी पुढे गेली म्हणजे चारही चाकं ओढताहेत असं नसतं. मागच्या खेपेला गाडी घेताना मी सगळं बघितलं, इंजिन, बॉडी, कागद, महामार्गावर पळवूनही पाहिली, आणि एवढंच बघायचं राहिलं. पहिल्या पावसात वाडीच्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, मागची हललीही नाहीत. दुरुस्तीचा आकडा ऐकून ती गाडी विकावी लागली. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतोय, कंटाळा आला तरी वाचा.

व्होल्वो आणि स्कोडा यांच्यात पुढची चाकं इंजिनाला थेट जोडलेली असतात. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लचच्या पट्ट्यांचं एक कपलिंग असतं, त्याला हाल्डेक्स म्हणतात. त्याचा छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाला दाब देतो, पट्ट्या आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. हा पंप मेला की गाडी निमूटपणे पुढच्या दोन चाकांवर चालू लागते. आवाज नाही, धक्का नाही. डॅशबोर्डवर कधी इशारा येतो, कधी येत नाही, आणि विकायच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून तो पुसताही येतो. कोरड्या डांबरावर तुम्हाला काहीही कळणार नाही. मुंबई–गोवा महामार्गावर शंभरच्या वेगाने चालवून बघितलीत तरी नाही. लिफ्टवर चढवून चारही चाकं फिरताना बघितलीत तरी नाही, कारण चाक हवेत असलं की जराशा ओढीनेही फिरतं. त्यावर ताकद येते का, हा प्रश्न आहे.

तर करायचं असं. गाडी शक्यतो पावसाळ्यातच बघायला जा. ओला चढ शोधा, शेवाळलेला किंवा सुट्या तांबड्या मुरुमाचा. उन्हाळा असेल तर मुरुमाचा कोरडा चढही चालेल. अर्ध्या चढावर गाडी पूर्ण थांबवा. सोबतच्या माणसाला खाली उतरवून बाजूला, गाडीच्या वाटेत येणार नाही असा, उभा करा आणि मागच्या चाकाचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. मग ॲक्सिलरेटर दाबून गाडी जरा जोरात उचला. कपलिंग जिवंत असेल तर पुढचं चाक किंचित घसरतं आणि लगेच गाडी मागून ढकलल्यासारखी वर निघते. मेलेलं असेल तर पुढची चाकं घसरत राहतात, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक घसरल्याचा, दिवा लुकलुकतो आणि गाडी तिथेच. एकदा करून थांबू नका. तीनचार वेळा करा. मग घाटात अर्धा तास चालवा, कुंभार्ली म्हणा, आंबा म्हणा, जो जवळ असेल तो, आणि तेल तापल्यावर पुन्हा त्याच चढावर या. दमलेला पंप थंड असताना चालतो आणि गरम झाल्यावर हात टेकतो. विकणारा म्हणाला, साहेब एवढं काय बघताय, तर नमस्कार करा आणि परत फिरा.

याला जोडूनच सर्व्हिसची वही. कपलिंगचं तेल वेगळं आणि मागच्या डिफरन्शियलचं वेगळं. फिटरने डिफरन्शियलचं तेल बदललं असं लिहिलेलं असतं आणि आपण समजतो झालं. तसं नाही. कपलिंगचं तेल लिटरभरही लागत नाही, पण पट्ट्यांची झीज होऊन त्यात काळा गाळ साठतो. पाचव्या पिढीच्या हाल्डेक्समध्ये, म्हणजे व्ही९० मध्ये जे आहे त्यात, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती या गाळाने तुंबते, पंप जोर लावून लावून जळतो. त्यामुळे नुसतं तेल बदललं का हा प्रश्न पुरत नाही. पंप काढून जाळी साफ केली का, कधी केली, बिल कुठे आहे, हे विचारा. दर तीन वर्षांनी हे काम व्हायला हवं. बिल नसेल तर ते झालेलं नाही असं धरून किंमत पाडा, आणि गाडी घेतल्याच्या आठवड्यात स्वतः करून घ्या.

मर्सिडीजचं गणित वेगळं आहे. तिथे चारही चाकांना कायम ताकद जाते, मधे असं चालू-बंद होणारं कपलिंग नाही. तरीही चढावरची परीक्षा तिचीही घ्या. सवलत नाही.

आता जमिनीपासूनची उंची. व्ही९० क्रॉस कंट्री २१० मिलिमीटर, हा आकडा बऱ्याच एसयूव्हींच्या बरोबरीचा आहे. ऑल-टेरेनला हवेचं सस्पेन्शन आहे, नाव भारदस्त आहे, पण मर्सिडीजनेच जाहीर केलेला आकडा १२१ ते १५६ मिलिमीटर इतकाच आहे, आणि वर उचललेली गाडी ताशी ३५ किलोमीटरपर्यंतच तशी राहते. पांढऱ्या बर्फाच्या सपाट रस्त्याला ते पुरतं. सड्यावरच्या उघड्या कातळाला पुरत नाही. ज्यांचं घर डांबरी रस्त्याला लागून आहे त्यांनी ऑल-टेरेन आनंदाने घ्यावी, ती चालवायला फार गोड गाडी आहे आणि डिकी ६४० लिटरची, व्होल्वोच्या ५६० लिटरपेक्षा मोठी. आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर हा फरक जाणवतो. पण घर सड्यापलीकडे असेल तर व्होल्वोच.

उंचीइतकंच नाक महत्त्वाचं, आणि हे माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. वॅगनचं पुढचं अंग लांब असतं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी चढून बघा. जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्या कोनात बंपर पहिल्यांदा टेकतो. घाटरस्त्यावर बिनधास्त पळणारी गाडी तिथे अडते. खालचं प्लास्टिक आधीच खरवडलेलं असेल तर मालकाने ते अनुभवलंय असं समजा, आणि खाली वाकून त्याच्या मागचं लोखंड बघा.

पुरातली गाडी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते आपण विसरलेलो नाही, आणि कोल्हापूर–सांगलीकडे २०१९ मध्येही तेच झालं होतं. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ असते. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. कार्पेट उचलून वायरींचे जोड बघा. आणि पुन्हा तेच: हाल्डेक्सचा कंट्रोलर गाडीच्या पोटाखाली, कपलिंगलाच बसवलेला असतो. पाणी आलं की आधी तोच बुडतो. त्याच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर गाडी सोडा. पूर नसला तरी आपल्या खाऱ्या वाऱ्यानेही हा जोड कुजतो, तेव्हा किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीचा तो हमखास उघडून बघा. बॉडीचा पत्रा चांगला गॅल्वनाइज्ड असतो, त्याची फार काळजी नको. ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट, इथे गंज शोधा.

टायर चारही सारखे हवेत. एकच कंपनी, एकच साइज, झीजही सारखी. पुढे दोन नवे, मागे दोन जुने असले की पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो, त्यांच्या फिरण्यात फरक पडतो आणि तो फरक कपलिंगच्या पट्ट्या सोसत राहतात. विकायच्या आधी लोक पुढचे दोनच बदलतात, कारण पुढचे लवकर झिजतात. म्हणजे हे दृश्य तुम्हाला दिसणारच. तसं दिसलं तर भाव करताना टायरचा खर्च सांगू नका, कपलिंगचा सांगा. रिम वीस इंची असतील तर टायरची भिंत पातळ, आणि चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्यावर ती कापली जाते. अठरा इंची रिम आणि २३५/५५ आर१८ असा जाड टायर मिळाला तर तोच घ्या. ही साइज तालुक्याच्या गावी दुकानात टांगलेली नसते. पाचवा टायर घेऊन घरी ठेवा. बारीक स्टेपनीवर कणकवली ते रत्नागिरी असा प्रवास करायचा नाही, वेगमर्यादा आहे आणि कपलिंगला ती मानवतही नाही.

समुद्रावर गाडी न्यायची असेल तर ही गाडी घेऊच नका, दुसरी कुठलीही नका घेऊ. पुळणीत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली तरी खारं पाणी पोटात राहतं. शिवाय बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनांना बंदी आहे.

डिझेलचं थोडक्यात. नुसतं घर ते बाजार एवढंच चालवणार असाल तर धुराचा फिल्टर तुंबतो, महिन्यातून दोनदा महामार्गावर लांब न्या. ऑल-टेरेनला ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं द्रावण, लागतं, ते जवळपास कुठे मिळतं ते बघून ठेवा. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा, एक कोपरा बसला असेल तर नको.

वर्कशॉप. घराजवळ कुणाकडे त्या कंपनीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर आहे का ते आधी शोधा. नसेल तर डॅशबोर्डवर लागलेल्या प्रत्येक दिव्यासाठी पुणे, मुंबई किंवा गोवा. घेण्यापूर्वीची तपासणीही अशाच ठिकाणी करा, आणि त्यांना सांगा, इंजिनचं नंतर, आधी मागच्या डिफरन्शियलच्या मॉड्यूलमधले जुने फॉल्ट वाचा आणि पंप सॉफ्टवेअरवरून चालू करून दाखवा. तो गुणगुणतो. ऐकू आला पाहिजे. पण तो गुणगुणला म्हणून चढावरची परीक्षा टाळू नका. पंप चालतोय आणि जाळी तुंबलीय, असंही असतं.

कागद: आरसीवरचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर जुळतो का, परराज्यातली असेल तर एनओसी. महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि या किमतीच्या गाडीला तो मोठा असतो, एजंटकडून आकडा लिहून घ्या. विम्याचा जुना क्लेम पाण्याचा होता का ते विमा कंपनीकडून काढा.

विमा घेताना रस्त्यावरच्या मदतीत फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, आहे का ते वाचा. ऑल व्हील ड्राइव्हला टोचन लावून, दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढायची नाही, कपलिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही जातात. गावच्या क्रेनवाल्याला हे ठाऊक नसतं, तो आकडा लावून मोकळा होतो. त्याचा नंबर नको, फ्लॅटबेडवाल्याचा घ्या आणि पावसाआधी मोबाईलमध्ये टाका.