कॅनडाचं पीआर (कायम रहिवासी) कार्ड: लग्नानंतरच्या नावामुळे अर्ज परत आला तर

लक्षण: जुन्या कार्डावर माहेरचं नाव, नव्या पासपोर्टवर सासरचं, नूतनीकरणाचा अर्ज अपूर्ण म्हणून परत. नुसत्या पासपोर्टच्या प्रतीने भागलं नाही. मराठी विवाह दाखल्याचं दिराने केलेलं भाषांतर नोटरीच्या शिक्क्यासह जोडलं, तेही नाकारलं. नातेवाइकाचं भाषांतर चालतच नाही. दोन फेऱ्यांत महिने वाया गेले, फार मनस्ताप झाला.

जमलं ते असं. आधी मूळ मराठी दाखला स्कॅन केला. मग कॅनडातल्या प्रमाणित भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर घेतलं, शिक्का आणि भाषांतरकार संघटनेतल्या सदस्य क्रमांकासह (कोपऱ्यातल्या गोल शिक्क्यातला मजकूरसुद्धा भाषांतरात हवा). त्याने वापरलेली मराठी प्रत सोबत जोडली. मग पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्पष्ट प्रत आणि चालू कार्डाची प्रत. मूळ कार्ड पाठवू नका, नवं हातात येईपर्यंत जपा.