गिअर बॉक्स खाली घेण्याआधी

गॅरेजात पाय ठेवताच "क्लच प्लेट गेली वाटतं" असं आपणच म्हटलं, की मिस्त्री प्लेट बदलून देतो. दुखणं सिलेक्टर केबलचं, म्हणजे लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलचं असलं तरी. म्हणून निदान सांगू नका, लक्षण सांगा. कोणत्या गिअरला, गाडी थंड असताना की तापल्यावर, किती दिवसांपासून.

बरंचसं घरीच कळतं. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची केबल सैल झालेली असते. हायड्रॉलिक (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर फ्लुइड कमी झालेलं किंवा लाइनमध्ये हवा शिरलेली. हे काम बऱ्याचदा बॉक्स न उतरवता होतं. दोन्ही वेळेस जड जात असतील तर आधी लिव्हर आणि सिलेक्टर केबल बघायला लावा. एकट्या तिसऱ्याला कर्रर्र होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलेली असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे बॉक्स उघडावाच लागतो.

न्यूट्रलला येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबला, तर संशय इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर. दाबल्यावर सुरू झाला, तर पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. स्टेअरिंग पूर्ण वळवून चालताना कटकट वाजणं हे ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचं लक्षण. त्यासाठी कोणी गिअर बॉक्सचा खर्च सांगितला तर गाडी तिथून काढा.

क्लच घसरतोय का, हे मोकळ्या सपाट रस्त्यावर बघायचं. चौथ्या गिअरला 40 च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर आणि वेग तिथल्या तिथे, म्हणजे क्लच घसरतोय. पण पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली गाडी हाफ क्लचवर मागे-पुढे करून काढली, किंवा कन्नडच्या घाटात गर्दीत चढावर तशीच धरून ठेवली, तर जळका वास येणारच. तेवढ्यावरून प्लेट बदलू नका. गाडी थंड होऊ द्या, मग हीच चाचणी घ्या.

चांगला मिस्त्री आधी स्वतः गाडी चालवून बघतो, मग खाली शिरून ऑइलची पातळी बघतो. छोट्या गाडीच्या मॅन्युअल बॉक्समध्ये साधारण 2 लिटर ऑइल असतं. सील गळून ते कमी झालं तरी बॉक्स आवाज करतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट बारीक लेप असणं चालतं, लोखंडाचे कपचे मात्र नाही.

दुसऱ्याचं मत घ्यायचं ते याच वेळी. बॉक्स एकदा खाली आला की गाडी त्याच्या दारात अडकते, जालन्याहून टो करून संभाजीनगरला न्यायची कोणाची तयारी नसते. अंदाजपत्रक लेखी घ्या: पार्ट, मजुरी, ऑइल वेगवेगळं. आत आणखी काही निघालं तर फोटो पाठवून, विचारूनच पुढे जायचं, हेही त्यातच लिहून घ्या.

क्लच करायचाच ठरला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाका. बेअरिंगसाठी पुन्हा बॉक्स उतरवला तर मजुरी दुप्पट. बॉक्स खाली आहे तोवर फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) तापल्याचे निळसर डाग आहेत का आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का, तेही बघून घ्या. जुने पार्ट परत हवेत हे गाडी लावतानाच सांगा. प्लेटचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासलेलं किंवा तेलकट दिसलं, तर खर्च खरा होता.

एएमटीचा, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या ऑटो-गिअर गाडीचा बॉक्स आतून मॅन्युअलच असतो, गिअर आणि क्लच फक्त अ‍ॅक्च्युएटर (कंप्युटरच्या हुकमाने चालणारं यंत्र) हलवतो. त्यामुळे स्कॅनर लावून एरर कोड बघितल्याशिवाय काहीच उघडू देऊ नका. प्लेट बदलल्यावर कॅलिब्रेशन (स्कॅनरने नव्या प्लेटशी जुळवणी) करून देणार का, हे आधीच विचारा. ज्याच्याकडे तो स्कॅनर नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.