बांधून आणलेलं इंजिन जुन्या लाकडी बोटीत बसवताना: शाफ्टची रेघ पाण्यातच जुळवा

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत हर्णैपासून मालवणपर्यंत बोटी वर घेतल्या जातात आणि इंजिनं ओव्हरहॉलला, म्हणजे उघडून नव्याने बांधायला, जातात. जुलै सरत आला की घाई सुरू होते. इंजिन आलं, बेडवर (इंजिन ज्यांवर बसतं त्या लाकडी तुळयांवर) ठेवलं, कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांचे) बोल्ट आवळले, नारळ फोडला, बोट निघाली. मग गणपतीच्या आत ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगच्या जोडातून) पाणी यायला लागतं, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळतं, कपलिंगचा एखादा बोल्ट तुटतो आणि बोल लागतो इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीला. इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं, चुकलेली असते ती बसवणी.

इथे धरलेली बोट १२ ते १५ मीटरची लाकडी ट्रॉलर आहे. इंजिन सहा सिलिंडरचं मरीन डिझेल, मागे गिअरबॉक्स, पायाखाली रबर नाही. लहान बोटीत आकडे बदलतात, क्रम बदलत नाही.

जुनं इंजिन उचलण्यापूर्वी

मापं घ्या आणि कागदावर लिहा. बेडच्या माथ्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंतची उंची, कपलिंगच्या तोंडापासून मागच्या आडव्या फळीपर्यंतचं अंतर, चारही पायांच्या भोकांमधली अंतरं, संपची (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याची) खोली. तीच मापं बांधून आलेल्या इंजिनावर, ते जमिनीवर असतानाच ताडून बघा. मॉडेल एकच असलं तरी पायाचा ब्रॅकेट किंवा संप दुसऱ्या गाडीचा लागलेला असू शकतो, आणि ते इंजिन होल्डमध्ये लोंबकळत असताना कळणं फार महागात पडतं.

गिअरबॉक्सही बदलत असाल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा) तोच आहे का. दुसरी, पुढच्या गिअरमध्ये शाफ्ट कोणत्या बाजूला फिरतो. बोटीच्या मागे उभं राहून बघताना पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरून बोट पुढे जात असेल तर तो उजवा पंखा. उजव्या पंख्याला डावा फिरणारा गिअरबॉक्स जोडला तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जाईल. मग गिअरची वायर उलटी जोडून भागवू नका. मागच्या गिअरचे क्लच दिवसभर भार ओढायला चालतीलच असं नाही.

बेड

इंजिन बाहेर आहे तेवढ्यात बेडच्या लाकडात टोचा घालून बघा. वर साग दिसतो, अँगलच्या (बेडवरच्या काटकोनी लोखंडी पट्टीच्या) खाली आणि बोल्टच्या भोकाभोवती लाकूड डिझेल-तेल पिऊन मऊ झालेलं असतं. टोचा सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून सुताराकडून नवा जोडून घ्या. जुन्या भोकात जाडा बोल्ट ठोकून काम भागत नाही. भोकात एपॉक्सी लावून लाकडाची खुंटी बसवायची आणि नवं भोक पाडायचं. अँगल १० ते १२ मिमी जाडीचा, बेडच्या आरपार जाणाऱ्या गॅल्व्हनाइज्ड बोल्टने धरलेला हवा. लाकडात पिळलेले स्क्रू इंजिनाच्या धक्क्याने सहा महिन्यांत सैल होतात. बेड जेवढे जास्त वांक (बोटीच्या फासळ्या) ओलांडून जातील तेवढं बरं, म्हणजे भार एका जागी बसत नाही.

डिझेलची टाकी याच वेळी रिकामी करून आतून धुवा. तळाचा गाळ आणि पाणी नव्या नोजलात गेलं तर ओव्हरहॉलचा खर्च पहिल्याच फेरीत वाया.

उतरवणं

इंजिन गिअरबॉक्ससकट पाऊण ते एक टन धरून चाला आणि दोन टनांची चेन पुली वापरा. साखळी इंजिनाच्या उचलायच्या कड्यांनाच अडकवा, हेडच्या बोल्टला किंवा मॅनिफोल्डला नाही.

खाली ठेवताना प्रत्येक पायाखाली आधीच ६ ते १० मिमी जाडीची लोखंडी पट्टी घाला. पुढे इंजिन खाली घ्यायची वेळ आली तर पट्टी पातळ करता येते. पट्टीच नसेल तर बेड तासावा लागतो. अँगलवर प्रत्येक पायाच्या दोन्ही बाजूंना छोटे ब्रॅकेट वेल्ड करून त्यात एम १२ चे बोल्ट बसवा. इंजिन आडवं सरकवायला हे बोल्ट लागतात. पहारीने ढकललेलं इंजिन पाव मिलिमीटर सरकत नाही, एकदम पाच मिलिमीटर उडी मारतं.

अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेघेत आणणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळं नीट केलं आणि हे चुकलं तर बाकीचं फुकट गेलं.

पहिली गोष्ट: शाफ्टला इंजिनाकडे ओढायचं नाही, इंजिन शाफ्टकडे न्यायचं. शाफ्टची रेघ स्टर्न ट्यूब (शाफ्ट ज्यातून बोटीबाहेर जातो ती नळी) आणि तिच्या बेअरिंगने ठरवलेली आहे. कपलिंगमध्ये दोन मिलिमीटरची फट दिसते आणि चार बोल्ट आवळले की ती मिटते, म्हणून जुळलं असं समजणारे पुष्कळ आहेत. फट मिटत नाही, शाफ्ट वाकतो. प्रत्येक फेऱ्याला तो वाकलेला शाफ्ट बेअरिंग, ग्लँड आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर दाब देत राहतो. शेवटी तुटतो तो बहुधा कपलिंगजवळ, चावीच्या खाचेपाशी.

दुसरी: जमिनीवर केलेली अलाइनमेंट ही फक्त पूर्वतयारी. दोन महिने उन्हापावसात टेकूवर उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. टेकूवर पठाण (बोटीचा तळाचा कणा) एका ठिकाणी उचलला जातो, टोकं खाली झुकतात, फळ्या वाळून सांधे उघडतात. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात आणि बोट आपल्या आकाराला येते. लाकडी बोटीला त्यासाठी निदान तीन-चार दिवस द्या. फायबरच्या बोटीलाही एक दिवस द्यावा. ‘उतरवली, त्याच संध्याकाळी जुळवली, रात्री निघाली’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

तिसरी: बोटीत नेहमीचा भार असू दे. टाकी निम्मी भरा, गोडं पाणी भरा, जाळी जागेवर ठेवा. होल्डमध्ये बर्फ रिकामा-भरलेला होतच राहणार, म्हणून निम्म्या भारावर जुळवणं सगळ्यात शहाणपणाचं. ओहोटीला चिखलात टेकणाऱ्या बोटीत मापं घेऊ नका. पुरेसं पाणी असलेली भरतीची वेळ धरा.

मोजण्यापूर्वी शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा. स्टर्न ट्यूबच्या बेअरिंगमध्ये मोठा खेळ असेल तर बेअरिंग आधी बदला, आणि ते काम बोट वर असतानाच उरकलेलं असलं पाहिजे. ग्लँडचे नट सैल करा, नाहीतर पॅकिंग शाफ्टला एका बाजूला धरून ठेवतं.

आता शाफ्टच्या वजनाचा प्रश्न. ग्लँडच्या पुढे मोकळा राहिलेला शाफ्ट स्वतःच्या आणि कपलिंगच्या वजनाने खाली झुकतो. त्या झुकलेल्या अवस्थेत जुळवलं तर इंजिन खाली बसतं. हिशेब सोपा आहे: मोकळ्या शाफ्टचं निम्मं वजन अधिक कपलिंगचं पूर्ण वजन. ५० मिमी जाडीचा स्टेनलेस शाफ्ट मीटरला साधारण साडेपंधरा किलो भरतो. १.२ मीटर मोकळा असेल तर निम्मं वजन सव्वानऊ किलो, कपलिंग आठ किलोचं असेल तर एकूण सव्वासतरा. मासे तोलायचा लटकता काटा वरच्या तुळईला बांधा, पट्टा कपलिंगच्या मानेत घाला आणि काटा सव्वासतरा किलो दाखवेपर्यंत उचला. शाफ्ट आता आपल्या खऱ्या रेघेवर आहे.

कपलिंगच्या दोन्ही चकत्या जवळ आणा. एकीचा उंचवटा दुसरीच्या खाचेत हाताच्या ढकलण्याने सरकला पाहिजे. सरकत नसेल तर उंची किंवा बाजू चुकलेली आहे. मोजायची सरळ पट्टी कपलिंगच्या कडेवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठेवून ते आधी सुधारा. मग चकत्यांमध्ये फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पोलादी पाती) घालून याच चार जागी फट मोजा आणि लिहा. समोरासमोरच्या दोन फटींतला फरक ०.१ मिमीच्या आत आणायचा. कपलिंग १५० मिमी व्यासाचं असेल तर ०.१५ पर्यंत चालवून घेतलं जातं, पण तिथे थांबू नका.

मोजल्यावर शाफ्टचं कपलिंग पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा, असं चार वेळा. इंजिनाकडची चकती जागची हलवू नका. फट त्याच जागी राहिली तर इंजिन वाकडं आहे. फट शाफ्टबरोबर फिरत गेली तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंग त्यावर तिरकं बसलंय. अशा वेळी इंजिन हलवत बसणं म्हणजे आठवडा घालवणं. शाफ्ट काढा, लेथवर तपासा.

इंजिन कुठे हलवायचं याचा एकच नियम पाठ करा: फट ज्या बाजूला जास्त, इंजिनाचं पुढचं टोक त्याच बाजूला न्यायचं. फट खाली जास्त असेल तर पुढचं टोक खाली. वर जास्त असेल तर वर. उजवीकडे जास्त असेल तर उजवीकडे. किती, तेही अंदाजाने नको. फटींतला फरक गुणिले पुढच्या-मागच्या पायांमधलं अंतर, भागिले कपलिंगचा व्यास. खालची फट वरच्यापेक्षा ०.३ मिमी जास्त, पायांमधलं अंतर ९०० मिमी, कपलिंग १५० मिमी: ०.३ × ९०० ÷ १५० = १.८ मिमी. पुढच्या दोन्ही पायांखालून १.८ मिमी काढा.

यात एक मेख आहे. पुढचं टोक खाली गेलं की मागचं कपलिंग वर उचललं जातं. कपलिंग मागच्या पायांपासून ३०० मिमी मागे असेल तर वरच्या उदाहरणात ते ०.६ मिमी वर येतं. म्हणून तिरकेपणा काढला की उंची पुन्हा तपासायची, चारही पाय सारखे वर-खाली करायचे, आणि पुन्हा तिरकेपणा मोजायचा. दोन-तीन फेऱ्या होणारच. आधी उभी दिशा पूर्ण करा, नंतर आडवी. दोन्ही एकदम सुधारायला गेलं की हिशेब हातातून निसटतो.

शिम (पायाखाली घालायच्या पट्ट्या) स्टेनलेसच्या वापरा. एक जाड पट्टी आणि वर जास्तीत जास्त तीन पातळ. पत्र्याच्या डब्यातून कापलेले दहा तुकडे एकावर एक रचले तर ते दबतात, गंजतात आणि महिन्याभरात मापं बदलतात. सगळं जुळलं की एकेक पायाचा बोल्ट सैल करून पायाखाली फीलर घालून बघा. ०.०५ मिमीची पात आत जात असेल तर तो पाय अधांतरी आहे. बोल्ट आवळल्यावर अख्खं इंजिन पिळलं जाईल. तेवढी शिम भरा. चारही बोल्ट पूर्ण आवळल्यानंतर फटी पुन्हा मोजा, कारण आवळताना इंजिन सरकतंच. त्यानंतरच कपलिंगचे बोल्ट घाला. ते हाताने आत गेले पाहिजेत.

रबरी कपलिंग लावलं की अलाइनमेंटची गरज नाही, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. रबर थरथर खातं, वाकडेपणा खात नाही. आधी लोखंडी तोंडं जुळवा, मग रबर घाला. आणि पाय रबराचे असतील तर इंजिनाच्या वजनाखाली ते दोन-तीन दिवस बसू द्या, तोवर मोजू नका.

बाकीची जोडणी

ग्लँडचं पॅकिंग नवं, तीन-चार वेटोळी वेगवेगळी कापून, सांधे एकमेकांसमोर येणार नाहीत असे. चालताना मिनिटाला काही थेंब पडू देत. पूर्ण कोरडी आवळलेली ग्लँड शाफ्ट जाळते. सायलेन्सरच्या पाइपाचं वजन मॅनिफोल्डवर टाकू नका, पाइप डेकला टांगा आणि मध्ये लवचीक जोड द्या. पाइपावरची जुनी पांढरी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते, ती कोरडी ओरबाडू नका. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) आणि सगळे होज नवे घाला. इंजिन तिरकं बसतं म्हणून डिपस्टिकची खूण तपासा: मॅन्युअलमधलं तेल मोजून ओता आणि पातळी कुठे येते ते बघून नवी खूण करा.

पहिला स्टार्ट

डिझेल बंद ठेवून, स्टॉप ओढून धरून सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, तेलाच्या काट्यावर दाब दिसेपर्यंत. मग फिल्टर, पंप, नोजलचे नट या क्रमाने हवा काढा आणि सुरू करा.

पाच-दहा मिनिटं गळती बघा, पाणी फिरतंय का बघा, आणि बोट बाहेर काढा. नवं इंजिन धक्क्याला बांधून दिवसभर रिकामं चालवणं हा सर्रास दिला जाणारा वाईट सल्ला आहे. पिस्टनच्या रिंग लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) बसायला दाब लागतो. रिकामं चाललं की लायनर काचेसारखं गुळगुळीत होतं, रिंग बसत नाहीत आणि इंजिन कायमचं तेल पितं. पहिले २५ तास निम्म्या ते पाऊण भारावर, रेस (इंजिनाचा वेग) बदलत चालवा. पूर्ण रेस एखाद्या मिनिटापुरतीच. ५० तासांना तेल आणि फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) तपासा.

थरथर जाणवली तर न्यूट्रलमध्ये तीच रेस द्या. न्यूट्रलमध्येही थरथर असेल तर इंजिन किंवा पाय बघा. फक्त गिअरमध्ये असेल तर शाफ्ट, पंखा किंवा अलाइनमेंट. रिंग बसल्यावर पूर्ण रेसला इंजिन प्लेटवर लिहिलेल्या आरपीएमला पोचतंय का बघा. २०००च्या जागी १८००वर अडकून काळा धूर देत असेल तर तळ साफ आहे का बघा, नसेल तर साफ करून पुन्हा चालवा. तरीही अडकलं तर पंख्याची पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त आहे. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून त्यावर इलाज करू नका, पंखा वर्कशॉपला न्या.

२५ तासांनी आणि पुन्हा ५० तासांनी कपलिंग सोडून चार फटी मोजा. लाकूड अजून फुगत असतं आणि नवे बोल्ट बसत असतात, त्यामुळे पहिल्या वेळी काहीतरी सुधारावं लागेल असं गृहीत धरा. आणि पुढच्या मे अखेरीस बोट वर घेण्याआधी, ती पाण्यात असतानाच, याच चार फटी मोजून आकडे इंजिनाच्या वहीत लिहा. बोट टेकूवर गेल्यावर ते आकडे मिळत नाहीत.