मीम बनवायची नोकरी पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी

दर महिन्याला दोन-तीन मेसेज तरी येतात, ताई मला मीम मार्केटिंगमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू? मी काही कोर्सबिर्स केलेला नाही, त्यामुळे त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण बरीच वर्षं हेच काम करतेय तर जे माहितीये ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसायला नको.

मी मूळची पंढरपूरची, बीकॉम सोलापूरला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून कंटाळा आला म्हणून एक मीम पेज काढलं. तो काळच तसला होता, 29 जूनला टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टावर रील्स आल्या आणि ऑगस्टमध्ये आपल्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखातेने सिरियलमधल्या सासूच्या डायलॉगला चाल लावून 'रसोडे में कौन था' केलं, ते तर लहान पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडात होतं. त्याच महिन्यात बिनोद आला (यूट्यूबच्या कमेंटमध्ये नुसतं 'बिनोद' लिहायचं, तो मीम) आणि पेटीएमने चक्क ट्विटरवर स्वतःचं नाव बदलून बिनोद ठेवलं. एवढी मोठी कंपनी हे करतेय म्हटल्यावर बाकीच्यांना पण असं काहीतरी पाहिजे झालं आणि आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या, सरळ हिशोब आहे. 2021 मध्ये पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीत लागले, पगार 15 हजार, त्यातले साडेसहा पीजीचे. घरी सांगितलं जाहिरात कंपनीत आहे. मीम म्हणाले असते तर वडिलांनी पुढच्या एसटीत बसवून परत आणलं असतं.

आता काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं दिवसभर हसत बसायचं. अर्धा दिवस एक्सेलमध्ये जातो, महिन्याचं कॅलेंडर, कुठल्या दिवशी काय, मग कॉपी (म्हणजे पोस्टचा मजकूर), मग डिझायनरच्या मागे लागणं, मग सर्व्हिसिंगवाले (एजन्सीत क्लायंट सांभाळणारे) क्लायंटकडे पाठवणार, मग 'थोडं फनी कमी करा' असा फीडबॅक येणार. उरलेल्या वेळात मोमेंट मार्केटिंग, म्हणजे आज जे गाजतंय त्यावर आजच पोस्ट. ही काही नवीन गोष्ट नाही बरं का, अमूलची मुलगी 1966 पासून होर्डिंगवर हेच करतेय. फरक एवढाच की आता हे सगळ्यांनाच करायचं असतं आणि दोन तासात करायचं असतं.

या कामात मला एक मोठा धडा मिळाला तो जून 2022 मध्ये. शिंदे गटाचे आमदार गुवाहाटीला हॉटेलात होते आणि सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा कार्यकर्त्याबरोबरचा फोन व्हायरल झाला, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के. आमच्याकडे तेव्हा एका रिसॉर्टचं काम होतं, पावसाळी पॅकेज विकायचं होतं, म्हणजे झाडी पण आहे, डोंगार पण आहे आणि हाटील तर स्वतः क्लायंटच! दुपारी दोनला पोस्ट तयार. मग ती अप्रूव्हलला गेली आणि तिथल्या मार्केटिंगच्या साहेबांनी चार दिवस ठेवून घेतली, आणि परत आली तेव्हा शुद्धलेखन सुधारलेलं होतं. काय झाडी, काय डोंगर, काय हॉटेल. शेवटचं 'ओक्के' काढून तिथे 'सर्व काही उत्तम' घातलेलं, कारण ओक्के ब्रँडच्या टोनमध्ये बसत नाही. आम्ही भांडलो पण शेवटी तीच पोस्ट गेली. पहिली कमेंट होती, शाळेच्या बाईंनी लिहिलंय का. तोपर्यंत लोकांनी त्याची गाणी करून झाली होती, टी-शर्ट छापून झाले होते.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. ऑफिसात सगळे हाटील शब्दावर हसत होते. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे, सांगोला आमच्यापासून तासाभराच्या आत, माझे मामा जन्मभर हाटीलच म्हणत आलेत. मला हसू येत होतं ते याचं की अख्ख्या राज्याचं राजकारण पेटलेलं, टीव्हीवर सगळे बोंबलतायत आणि हा माणूस निवांत खिडकीतून दिसणारा देखावा सांगतोय. एकाच वाक्याला आम्ही सगळे हसत होतो पण वेगवेगळ्या जागी. तेव्हापासून कुठलाही मीम हातात घेतला की मी आधी हे बघते की लोक नेमकं कशावर हसतायत, माणसाच्या बोलण्यावर, त्याच्या परिस्थितीवर, की त्या वेळेवर. ते चुकलं की पोस्ट एकतर पडते नाहीतर अंगावर येते. आणि हे कळायला पोस्ट बघून उपयोग नाही, कमेंट वाचायच्या. मी रोज सकाळी चहा पिताना अर्धा तास फक्त कमेंट वाचते, त्यातली भाषा, कोण काय कसं लिहितं, कोल्हापूरचा काय लिहितो, नागपूरचा काय, जमलं तर वहीत उतरवून घेते. नवीन मुलं हे करत नाहीत, डायरेक्ट टेम्प्लेटची साइट उघडतात.

अंगावर आल्याचं पण सांगते. एका भाजीवाल्या मावशींची क्लिप फिरत होती, गिऱ्हाईक भाव पाडतंय आणि त्यांनी असं काही तोंड केलं की बस. आम्ही त्यांचा तो स्क्रीनशॉट घेऊन क्लायंटच्या डिस्काउंट ऑफरला लावला. शेअर भरपूर आले, बॉसने ग्रुपवर टाळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी इनबॉक्समध्ये एका मुलाचा मेसेज, ती माझी आई आहे, मार्केटात लोक येऊन फोटो काढतायत, तिने दोन दिवस गाडी लावली नाही. बस एवढंच, ना शिवी ना धमकी. पोस्ट मीच काढली, बॉसला नंतर सांगितलं. त्यानंतर माझा नियम आहे, नेता, नट, क्रिकेटर चालेल (ते पण जपून), पण रस्त्यावरच्या साध्या माणसाचा चेहरा ब्रँडच्या पोस्टवर नाही, त्याला विचारून आणि पैसे देऊन असेल तर गोष्ट वेगळी.

चेहऱ्याचा आणि सिनेमाच्या फोटोचा कायदेशीर भाग पण आहे, तो कोणी शिकवत नाही. 'धनंजय माने इथेच राहतात का' हा 1988 चा डायलॉग, आपण सगळे वापरतो, घरच्या ग्रुपवर पाठवतो, कोण विचारत नाही. पण तेच कंपनीने साबण विकायला वापरलं की विषय बदलतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे, त्यात खासगी वापर, टीका-परीक्षण, चालू घडामोडींची बातमी अशांना सूट आहे, विडंबन असं नाव घेऊन वेगळी सूट दिलेली नाही, आणि साबण तर यातल्या कशातच बसत नाही. अमेरिकेत त्या ग्रम्पी कॅटच्या (मीममुळे गाजलेलं रागीट तोंडाचं मांजर) मालकांनी एका कॉफी कंपनीवर केस केली होती, परवानगी एका कोल्ड कॉफीपुरती होती आणि यांनी दुसऱ्या मालावर पण मांजर छापलं, 2018 मध्ये ज्युरीने 7 लाख 10 हजार डॉलर द्यायला लावले. मी वकील नाही, पण पेजवर चालतं म्हणून ब्रँडला चालतं असं समजू नका एवढं नक्की.

पोलिसांचं विचारतात बरेच जण. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिलेलं, दुसरीने फक्त लाइक केलेलं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम 66 ए सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. म्हणून काही लोक आता बिनधास्त झालेत, पण बदनामीचं, समाजात तेढ लावण्याचं कलम आहेच जागेवर. गंमत म्हणजे त्याच 2015 च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी स्वतःचं ट्विटर सुरू केलं आणि आज ते हेल्मेटवर, ओटीपीवर इतके भारी मीम टाकतात की आम्ही ऑफिसात नवीन पोरांना उदाहरण म्हणून दाखवतो. बघा एकदा, एका पोस्टमध्ये एकच मुद्दा असतो.

वेळेचं एक. 6 फेब्रुवारी 2022, रविवार. आमची रविवारच्या मटणावरची पोस्ट अकराला शेड्यूल केलेली. सकाळी लतादीदी गेल्याची बातमी आली, मी सुन्न होऊन टीव्हीसमोर बसलेले, आई फोनवर रडतेय, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन व्हायब्रेट व्हायला लागला. रस्सा, वाफ आणि खाली लोकांच्या शिव्या. माझं नोटिफिकेशन बघून मला स्वतःला लाज वाटली. तर शेड्यूलिंगचा पासवर्ड कमीत कमी दोघांकडे पाहिजे आणि मोठी बातमी आली की पहिलं काम सगळं पॉज करायचं, रविवार असो की दिवाळी.

पेड पोस्ट असेल तर 'जाहिरात' किंवा 'पार्टनरशिप' असं लिहावं लागतं, जाहिरातवाल्यांच्या अ‍ॅस्की संस्थेचे 2021 चे नियम आहेत, पेजवाल्यांनाही लागू होतात. क्लायंट म्हणेल नको, मजा जाते. लिहा तरी.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी जरा तांत्रिक. इंग्रजी मीमवरचा तो जाड पांढरा फॉन्ट म्हणजे इम्पॅक्ट, 1965 चा, त्यात देवनागरी नाहीच. मी मुक्ता आणि बलू वापरते, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, गूगल फॉन्टवर फुकट आणि कामासाठी वापरायला परवानगी असलेले. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये मराठी पेस्ट केल्यावर वेलांटी पळते, जोडाक्षरं तुटतात, डिझायनर म्हणतो फॉन्ट खराब आहे, फॉन्ट खराब नसतो, प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या आत वर्ल्ड रेडी लेआउट चालू करायचं असतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य फायनल फाइलमध्ये स्वतः डोळ्यांनी बघा. मुद्दाम लिहिलेलं 'डोंगार' आणि चुकून लिहिलेलं 'डोगंर' यातला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

नोकरी कशी मिळवायची तर स्वतःचं पेज काढा, विषय छोटा घ्या. 'फनी मराठी' नको, एसटीचा प्रवास, हॉस्टेलची मेस, गावची जत्रा असलं काहीतरी. तीसेक पोस्ट झाल्या की इन्साइट्सचे (पोस्ट किती जणांनी बघितली, शेअर केली ते आकडे) स्क्रीनशॉट काढून ठेवा, माझं पहिलं पेज हॅक झालं आणि सगळा पुरावा गेला. इंटरव्ह्यूला फॉलोअर किती यापेक्षा ही पोस्ट का चालली आणि ही का पडली हे सांगता आलं पाहिजे, मी मुलं घेते तेव्हा पडलेलीबद्दलच विचारते. मीम शब्द कुठून आला असंही एखादा सर विचारतो, रिचर्ड डॉकिन्स, 1976, जीवशास्त्रज्ञ, एवढं सांगा, तो खूश. आणि एक कसोटी, मीम घरच्या ग्रुपवर आला की आमच्याकडे तो म्हातारा धरतात. मला मात्र हे अर्धंच पटतं, कारण क्लायंटचं गिऱ्हाईक त्याच ग्रुपवर बसलेलं असतं. मागच्या वर्षी आमचीच एक पोस्ट आईने मला फॉरवर्ड केली, लोगो कापलेला, खाली लिहिलेलं 'बघ किती हुशार असतात पोरं'.

ट्रायल म्हणून एक-दोन पोस्ट मागितल्या तर द्या. पूर्ण महिन्याचं कॅलेंडर फुकट मागतात त्यांना नको म्हणा, मी एकदा दिलं होतं, नोकरी मिळाली नाही आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या पेजवर माझ्याच ओळी एकेक करून येत होत्या, एका ठिकाणी तर माझी टायपिंगची चूकसुद्धा तशीच. आणि जॉइन होण्याआधी एवढं विचाराच, की अप्रूव्हल कोण देतं आणि किती वेळात देतं. चार दिवस म्हणाले तर पगार जरा जास्त मागा.