जुन्या रंधा मशीनची मोटर बदलताय? या चुका टाळा

‘दोन एचपीची मोटर पाहिजे.’ जुनं कॉम्बिनेशन रंधा मशीन वापरणाऱ्या बहुतेकांना मोटरीबद्दल एवढंच सांगता येतं. खरं तर एचपी हा त्यातला सगळ्यात कमी त्रासाचा आकडा आहे. बारा इंची रंधा, त्याच शाफ्टच्या टोकाला गोल करवत, बाजूला भोकं पाडायचं टेबल, अशा बिडाच्या मशीनला २ एचपी पुरते. रोज जाड सागवान चिरायचं असेल तर ३ घ्या. एचपीचा विषय इथेच संपतो.

नवी मोटर आणण्याआधी एक पाहा, जुनी खरंच जळालीय का? सिंगल फेज मोटर नुसती गुरगुरते आणि फिरत नाही, म्हणजे लगेच भंगारात द्यायची नसते. बऱ्याचदा मोटर चालू व्हायला मदत करणारा कंडेन्सर गेलेला असतो, नाहीतर वेग आला की सुरुवातीची जोडणी तोडणाऱ्या आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचमध्ये भुसा बसलेला असतो. हे काम काहीशे रुपयांत होतं. आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, जळालं असेल तरी जुनी जड बॉडीची मोटर चांगल्या वाइंडरकडून तांब्यात भरून घ्या, असंच मी सांगतो. शाफ्ट तोच, पाय तेच, पुली तीच. पण लोकांना आठवडाभर थांबवत नाही, आजच्या आज मशीन चालू पाहिजे असतं.

या घाईतूनच माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक होते: आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे न बघता मोटर आणणं. बाजारात दोन जाती सर्रास मिळतात, १४४० आणि २८८० आरपीएमच्या. दिसायला सारख्या, आणि त्याच एचपीत २८८० वाली सहसा स्वस्त व हलकी. जुन्या मशीनवर बहुतेक वेळा १४४० ची असते. सातारा रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये एका पोराने मामाचं जुनं मशीन चालू केलं. मोटरीवर ७ इंची पुली, ब्लॉकवर (पाती बसवलेल्या फिरत्या रोलवर) अडीच इंची. १४४० ला ब्लॉक साधारण ४००० फेरे घेत होता, म्हणजे व्यवस्थित. याने आणली २८८० ची. दुकानदार म्हणाला, ‘चांगलंय की, फास्ट चालेल.’ पुल्या त्याच ठेवल्या, त्यामुळे ब्लॉक गेला ८००० वर. फेरे दुप्पट झाले की पात्यांना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, हे दुकानदाराच्या बिलावर लिहिलेलं नसतं. आवाज शिट्टीसारखा येत होता, तर हा पोरगा त्याला ‘स्मूद’ म्हणत होता. तासाभरात ब्लॉकचं बेअरिंग हात लावता येणार नाही इतकं तापलं, एका पात्याची पट्टी सरकली आणि पातं टेबलाच्या ओठावर आपटून त्याचा तुकडा समोरच्या प्लायच्या थप्पीत घुसला. पोरगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. करवत लावलेली असती तर? १२ इंची ब्लेडवर ८००० आरपीएम छापलेलं मी तरी कधी पाहिलेलं नाही. तुमच्या ब्लेडवरचा कमाल वेगाचा आकडा आधी वाचा.

ब्लॉकचे फेरे म्हणजे मोटरीचे फेरे गुणिले मोटरीची पुली, भागिले ब्लॉकची पुली. सहावीतल्या पोराला जमेल असं गणित आहे. मी हे तीन आकडे खडूने मशीनच्या बॉडीवर आतल्या बाजूने लिहून ठेवतो. नेमप्लेट उडाली असेल तर वाइंडरला विचारा, वाइंडिंग बघून तो पोल (चुंबकीय ध्रुव किती ते) सांगतो: ४ पोल म्हणजे १४४०, २ पोल म्हणजे २८८०. आणि २८८० च घ्यावी लागली, तर मोटरीची पुली निम्म्या मापाची करा.

दुसरी चूक शाफ्टची. जुन्या मोटरींचे शाफ्ट बरेचदा इंचात, आत्ताच्या मिलिमीटरमध्ये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, ती पुली १९ च्या शाफ्टवर खपून जाते. पण सव्वा इंचाहून थोडं कमी, म्हणजे १ १/८ इंच, हे माप २८.५८ मिमी होतं आणि नवा शाफ्ट असतो २८ चा. हा अर्धा मिलिमीटर लोक पत्र्याची पट्टी कोंबून भरतात. दोन दिवस चालतं. मग पुली डुगडुगते, पट्टा एका बाजूने खातो, पुली शाफ्टवर धरणाऱ्या चावीची खाच रुंदावते, आणि शेवटी नव्या मोटरीचा शाफ्ट खराब. टर्नरकडे जा, बुश (मधली फट भरणारी नळी) करून घ्या किंवा नवी पुली बोअर करून आणा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला मोटर घालवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

नव्या मोटरींची फ्रेमही लहान असते, त्यामुळे पायांची भोकं आणि शाफ्टची उंची जुळत नाही. खाली लाकडाचे तुकडे ठेवू नका, चॅनल वेल्ड करून सरकती पट्टी बनवा; पट्टा ताणायलाही तीच लागते.

बाकीचं थोडक्यात. जाळीची उघडी मोटर स्वस्त म्हणून आणू नका, भुसा आत जातोच. पूर्ण बंद, मागे पंखा असलेली घ्या. जुन्या पंपाची किंवा वॉशिंग मशीनची मोटर या कामाला नाही. कंडेन्सरवाल्या सिंगल फेज मोटरीला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावू नका. ड्राइव्ह हवाच असेल तर थ्री फेज मोटर घ्या आणि ती २३० व्होल्टला डेल्टात (वाइंडिंगच्या त्रिकोणी जोडणीत) जोडता येते का, ते आधी विचारा. फिरण्याची दिशा पट्टा चढवण्याआधी तपासा, उलटी फिरली तर करवतीचा नट सुटून येतो. २ एचपीची सिंगल फेज मोटर सुमारे १० अँपिअर घेते, चालू होताना त्याच्या कितीतरी पट. घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावून ‘मोटर उचलत नाही’ म्हणून फोन करू नका.

आणि साध्या खटक्याच्या स्विचऐवजी स्टार्टर बसवा, त्यातला ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावून. आपल्याकडे लाइट कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसतो. लाइट गेल्यावर खटका तसाच ठेवून तुम्ही पातं बदलायला बसलात, की लाइट आल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होतं. स्टार्टर असेल तर हिरवं बटण दाबल्याशिवाय ते हलत नाही.